फिशटँकचा आकार निवडताना या चुका टाळा (आधी मासा ठरवा, मग काच)

कोकणात घरात फिशटँक यायचे सीझन दोनच. एक मे महिना, पोरांना सुट्टी म्हणून, आणि दुसरा गणपतीच्या आधी, कारण घराला रंग लागतो आणि रंग लागला की हॉलची भिंत मोकळी मोकळी वाटायला लागते. मग आपण दुकानात जाऊन विचारतो काय, तर "या जागेत कुठला बसेल?" दुकानदार पण गोल, षटकोनी, कोपऱ्यातला, भिंतीवरचा असं सगळं दाखवतो. मासा कुठला ठेवायचाय हे कोणीच विचारत नाही, तो शेवटी बिल झाल्यावर पिशवीतून येतो. आणि पंधरा दिवसांनी मासे मरायला लागले की दोष पाण्याला, खाण्याला, कधी कधी तर कोणाची तरी नजर लागली म्हणून. टाकीच्या आकाराकडे कोणाचं लक्षच जात नाही.

गोल बाऊल, काठोकाठ भरलेला

सगळ्यात जास्त विकला जाणारा आणि सगळ्यात जास्त मासे मारणारा आकार हाच. माशाला लागणारा ऑक्सिजन पाण्यात येतो तो वरून, जिथे पाणी हवेला टेकतं तिथून, त्यामुळे किती लिटर पाणी आहे याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे पाण्याचं तोंड केवढं आहे. आता १२ इंच व्यासाचा बाऊल घ्या. त्याचं वरचं तोंड साधारण ६ इंचाचं असतं. गळ्यापर्यंत भरलात तर हवेला लागणारं पाणी सुमारे २८ चौरस इंच. तोच बाऊल बरोबर अर्ध्यावर, म्हणजे पोटाच्या सगळ्यात रुंद भागापर्यंत भरलात तर ११३ चौरस इंच. म्हणजे पाणी अर्धं झालं आणि श्वास घ्यायची जागा चौपट झाली. पण अर्धा भरलेला बाऊल शोभत नाही म्हणून आपण काठोकाठ भरतो, नि वर त्यात गोल्डफिश सोडतो जो मोठा झाला की सहा-आठ इंचांचा होतो आणि घाण पण भरपूर करतो. अर्ध्या बाऊलमध्ये पाणी उरतं जेमतेम सात लिटर, तेवढ्यात त्याच्या घाणीचा विषारी अमोनिया बघता बघता चढतो. रोम शहरात तर २००५ साली गोल बाऊलवर चक्क बंदी आणली होती.

"अहो पण फायटर मासा राहतो ना बाऊलमध्ये." राहतो, कारण त्याच्याकडे वरची हवा थेट घ्यायचा जास्तीचा अवयव आहे, म्हणून तो लगेच मरत नाही एवढंच. लगेच न मरणं वेगळं आणि नीट राहणं वेगळं. त्याला पण दीड फूट लांबीची साधी टाकी दिलीत तर आठवड्यात रंग बघा कसा खुलतो.

बाऊल आधीच घरात असेल तर टाकून द्या असं नाही म्हणत. पोटाच्या रुंद रेषेच्या वर पाणी नको, आत मासा नको, मनी प्लांटची फांदी नाहीतर एखादी पाणवनस्पती लावा. दिसायला मस्त दिसतो.

उभी, उंच टाकी

ही चूक शहाणी माणसं करतात, कारण हिशोब बरोबर वाटतो. जागा एक फुटाचीच आहे ना, मग वर जाऊया. २ बाय १ बाय १ फुटाची आडवी टाकी आणि तीच उभी केलेली, १ बाय १ पायावर २ फूट उंच, दोघांत पाणी सारखंच, साधारण ५६ लिटर. पण आडवीचं तोंड २८८ चौरस इंच, उभीचं १४४. वर काचेवरचा दाब ठरतो तो पाण्याच्या उंचीवर, लिटरवर नाही. उंची दुप्पट म्हणजे तळाशी दाब दुप्पट. म्हणून फूटभर उंचीला ५ एमएमची काच चालते, दीड फुटाला ८ एमएम बघावी लागते आणि दोन फूट उंच गेलात की १० ते १२ एमएमच्या गोष्टी सुरू होतात. सांगायचा मुद्दा, उंच टाकी महाग पडते आणि माशाला काहीच जास्त मिळत नाही.

आणि एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही ती म्हणजे हात. दोन फूट खोल टाकी, ती अडीच फुटांच्या स्टँडवर, तळातलं रोपटं उपटलं की ते परत रोवायला स्टुलावर चढून काखेपर्यंत हात घालावा लागतो, शर्टाची बाही भिजते, गाळ ढवळतो आणि मग माणूस कंटाळतो. कंटाळला की सफाई महिन्यावर जाते. तुमचा हात तळाला आरामात पोचला पाहिजे, उंचीची मर्यादा तिथेच संपली.

एंजल मात्र अपवाद. तो माशांमधला पतंगच, पंखांसकट त्याची उंची लांबीपेक्षा जास्त, त्याला फूटभर उंचीच्या टाकीत ठेवलात तर खालचा पंख वाळूला घासतो आणि वरचा पाण्याबाहेर यायला बघतो, हळूहळू पंख वाकडे होतात. एंजल नाहीतर डिस्कस ठेवायचे असतील तर दीड फूट उंची हवीच, पण तेव्हा लांबी पण अडीच-तीन फूट घ्या. नुसता उंच खांब त्यांना पण नको.

बाकीच्यांचं बघा. झेब्रा डॅनिओ दीड-दोन इंचांचा किडमिडीत मासा, पण दिवसभर धावतो, आपल्या सह्याद्रीतल्या वहाळांत सापडणारा मलबार डॅनिओ पण त्याच जातकुळीतला. यांना लांबी पाहिजे, धावपट्टी पाहिजे. कोरिडोरास आणि तळाला वावरणारे बाकी मासे यांना तळ मोठा हवा, उंचीचं त्यांना काही पडलेलं नसतं. गप्पी, मॉलीला २ बाय १ बाय १ अगदी झकास. ऑस्कर फूटभर वाढतो, त्यामुळे एक फूट रुंदीच्या टाकीत तो वळताना घासणारच, त्याला रुंदी दीड फूट आणि लांबी चार फूट धरा. आणि दुकानात 'शार्क' म्हणून बोटाएवढं पिल्लू विकतात ना, ते बऱ्याच वेळा पंगासियस असतं, तोच जो तळ्यात खायला वाढवतात. त्याला घरात बसेल असा आकारच नाही. सोडा.

लाईट गेली की आकार कळतो

पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून टाकी घेतली की हा भाग सुटतो. आपल्याकडे जूनमध्ये पहिला वारा सुटला की लाईट जाते ती कधी येईल कोण सांगणार. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडे उलटले तरी वीज नव्हती. अशा वेळी फिल्टर बंद, एअर पंप बंद, उरतं ते फक्त पाण्याचं उघडं तोंड. पसरट टाकीतले मोजके मासे तग धरतात, उंच षटकोनीतले रात्रीतच वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. मे महिन्यात तर आणखी वाईट, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशाला लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम, ३० अंशाला ७.५ च्या आसपास, आणि उकाड्यात माशाची भूक-धाप मात्र वाढलेली असते.

बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा, पावसाच्या आधीच, नंतर मिळत नाही. आणि बुडबुड्यांमुळे ऑक्सिजन मिळतो असं वाटतं पण खरं काम बुडबुडा वर येऊन पाण्याचा पृष्ठभाग हलवतो ते असतं. म्हणून उंच टाकीत पंपाच्या नळीचा बुडबुडे सोडणारा दगड तळाला ठेवून पंप दमत असेल तर तो दगड जरा वर घ्या, पाणी वर हललं पाहिजे.

पसरट टाकीचा एक तोटा आहे तो पण सांगतो. बाष्पीभवन जास्त. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, ते पाणी नुसतं वरून भरत राहिलात तर पाणी उडतं आणि मीठ आतच साठतं. भर घालण्याआधी थोडं जुनं काढा, मग घाला.

वाकडी काच, षटकोन, कोपरा

पुढून फुगीर असलेली टाकी दुकानात भारी दिसते. घरी आणल्यावर मासा एका जागेवरून मोठा, दुसऱ्या जागेवरून चपटा दिसतो, पोरांना मजा वाटते, आपलं डोकं दुखतं. शेवाळ काढायची सरळ पट्टी तिथे चालत नाही, चुंबकाचा ब्रश निसटतो. षटकोनीच्या अरुंद कोपऱ्यांत प्रवाह पोचत नाही आणि घाण तिथेच बसते, फिल्टर कितीही भारी लावा. त्रिकोणी टाकी ईशान्य कोपऱ्यात हवी असा घरच्यांचा हट्ट असेल तर ठेवा बापडे, पण तिथे पूर्वेची खिडकी असेल तर सकाळच्या उन्हाने पाणी हिरवं होणार हे धरून चाला.

माझं मत विचाराल तर खरा प्रश्न दुरुस्तीचा. पाच सरळ काचांची टाकी गळली तर तालुक्याच्या गावात स्लायडिंग खिडक्या करणारा कोणीही काचवाला नवी काच कापून देतो. वाकवलेली काच गेली की टाकी गेली. फक्त काचवाल्याकडून करून घेताना सिलिकॉन बघा, बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन त्याच्याकडे हाताशी असतं आणि ते माशांना विषारी आहे. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन सांगा, कडा घासून घ्या, आणि टाकी आली की अंगणात सपाट जागेवर एक दिवस भरून ठेवा.

भिंतीवरची चार-पाच इंच जाडीची टाकी म्हणजे पाण्याने भरलेली फोटोफ्रेम. मासा वळू शकत नाही. यावर जास्त लिहीत नाही.

वजन आणि खालचा स्टँड

एक लिटर म्हणजे एक किलो. ३ बाय दीड बाय दीड फुटाच्या टाकीत १९० लिटर पाणी, वर काच, वाळू, दगड धरलेत तर अडीचशे किलो सहज. आकार जेवढा उभा तेवढं हे वजन छोट्या जागेवर येतं, त्यामुळे जुन्या घराच्या लाकडी माडीवर उंच टाकी अजिबात नको, आणि सारवलेल्या जमिनीवर आधी लादी टाकून घ्या. टीव्ही युनिटवर ठेवणार असाल तर प्लायवूड आहे का बघा, आपल्या पावसाळी दमट हवेत ते फुगतं आणि मधोमध झोल येतो. लोखंडी स्टँड खाऱ्या हवेने गंजतो, दरवर्षी रंग मारायची तयारी हवी. खाली थर्माकोलची शीट टाका आणि गवंड्याची पाणसळ लावून बघा. एका बाजूला पाणी बोटभर वर दिसत असेल तर ताण जोडावर येतोय. टाकी रिकामी करा, मगच पाय सारखे करा, भरलेली टाकी उचलून खाली पाचर मारायच्या फंदात पडू नका.

आधीच घेऊन झालीये, आता काय?

सकाळी सकाळी सगळे मासे वर येऊन तोंड मारतायत तर मासे निम्मे करा आणि पृष्ठभाग हलवा. मासा काचेला लागून तेच तेच वर-खाली करत बसलाय तर बहुतेक लांबी कमी पडतेय, धावणारे मासे देऊन टाका आणि त्या जागी फायटर किंवा थोड्या गप्पी आणा. गप्पी तर डासांसाठी गावातल्या टाक्यांत, विहिरींत आरोग्य खात्यानेच सोडलेल्या असतात. षटकोनीत एका कोपऱ्यात घाण साठतेय तर स्पंज फिल्टर त्याच कोपऱ्यात सरकवा. नवीन मासे घ्यायचेत आणि सिंधुदुर्गात असाल तर कुडाळजवळ मुळद्याला कोकण कृषी विद्यापीठाचं शोभिवंत माशांचं केंद्र आहे, तिथे जाऊन मासा मोठा झाल्यावर केवढा होतो ते विचारून या.

आणि झाकण. चौकोनी टाकीचं झाकण कोणीही करून देतो, षटकोनी आणि गोल टाक्या कायम उघड्या राहतात, मग पहिल्या पावसात दिव्यावर पंखवाले किडे येतात, त्यांच्या मागे पाल येते, आणि सकाळी टाकीत तुम्ही न विकत घेतलेला एक प्राणी तरंगत असतो.