पाइपची तंबाखू: आधी ओल, मग वाण

पाइपला नवा माणूस आधी विचारतो, कोणती तंबाखू घेऊ? मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर गेलेला असताना पहिला प्रश्न ओलाव्याचा असतो. ओल चुकली की महागडा डबाही जीभ पोळतो.

चिमूटभर तंबाखू दोन बोटांत दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओली, भुगा झाला तर कोरडी, हळूहळू उलगडली तर बरोबर. ओली असेल तर कागदावर पसरून ठेवा. श्रावणात अर्धा-पाऊण तास लागेल. उन्हाळ्यात मात्र समोरच बसा, दहा मिनिटांत काम होतं. उरलेली काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. फार सुकलीच तर वाडग्यात काढून वर ओलसर फडकं ताणून बांधा, तंबाखूला टेकू देऊ नका, आणि दर दोन-तीन तासांनी पाहा. बटाट्याची किंवा सफरचंदाची फोड डब्यात टाकू नका, बुरशी धरते.

सुरुवात बर्ली या वाणापासून करा. तिच्यात साखर कमी, चव शेंगदाण्या-कोकोसारखी आणि जिभेला त्रास कमी. व्हर्जिनिया वाणात साखर भरपूर, गवती-गोड चव. पण घाईने ओढली की हीच जास्त चावते. ती बहुधा फ्लेक म्हणजे दाबलेल्या चकत्यांच्या रूपात मिळते. चकती तळहातावर चोळून मोकळी करा.

चॉकलेट-व्हॅनिलाच्या वासाच्या कॅव्हेंडिशने नवशिके हमखास भुलतात. कॅव्हेंडिश हा वाण नाही, वाफवून-दाबून मुरवण्याची पद्धत आहे. वरून लावलेल्या सुगंधी पाकात बऱ्याचदा प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, म्हणून ती लवकर सुकत नाही, पाइपच्या तळाशी पाणी साचतं आणि गुरगुर सुरू होते. घमघमाट शेजाऱ्याला, पोळलेली जीभ तुम्हाला.

लाटाकिया शेवटी. नाव सीरियातल्या बंदराचं, पण आता ती मुख्यतः सायप्रसमधून येते. लाकडाच्या धुरावर सुकवलेली असते. भरतासाठी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना अंगणात जो वास भरतो, त्याच्या जवळपासचा. हा वास पाइपमध्ये मुरून बसतो, म्हणून तिच्यासाठी मक्याच्या बुरखुंड्याचा स्वस्त पाइप वेगळा ठेवा. लुइझियानाची पेरीक पिंपात दाबून आंबवलेली, मिरपुडीसारखी झणझणीत. ती व्हर्जिनियात थोडी मिसळलेलीच घ्या.

बिडीची तंबाखू मात्र भरू नका. बारीक चुऱ्याने नळी तुंबते आणि निकोटीनही जास्त.

भरताना तीन थर: पहिला नुसता सोडा, दुसरा हलका दाबा, तिसरा जरा जोराने. मग न पेटवता ओढून बघा. हवा सहज आली पाहिजे. अडली तर सगळं काढून पुन्हा भरा. काडी गोल फिरवत पेटवा, तंबाखू फुगून वर येईल, टॅम्परने, म्हणजे दाबायच्या छोट्या दांडीने, हलकेच बसवा आणि परत पेटवा. मिनिटाला दोन-तीन छोटे झुरके पुरे. विझला तर विझू द्या, पुन्हा पेटवण्यात कमीपणा नाही. पाइपची वाटी, म्हणजे तंबाखू भरायचा भाग, हाताला चटका देऊ लागली तर थांबा. पंख्याखाली किंवा कूलरसमोर बसू नका, वाऱ्याने निखारा भडकतो.

धूर तोंडातच ठेवायचा. पण त्याने धोका टळत नाही: तोंडाचा, घशाचा कर्करोग पाइपनेही होतो, व्यसनही लागतं. उपाशीपोटी ओढलीत तर गरगरेल, घाम येईल, मळमळेल. लगेच पाइप ठेवा आणि मोकळ्या हवेत बसा.

पाइप गार झाल्यावरच नळी काढा, गरम असताना ओढली तर सांधा तडकतो. आतून पाइप क्लीनर, म्हणजे लवदार तार, फिरवा आणि चोवीस तास त्याला हात लावू नका. एका वाणाची चव ठरवायला चार-पाच वेळा तरी तोच भरावा लागतो. पहिल्या खेपेला कळते ती बहुतेक तुमची घाईच.