पेन्शननंतर नदीच्या कामावर : नव्याने येणाऱ्या माजी सैनिकांसाठी

पेन्शन आली की बहुतेकांना आधी सिक्युरिटीची नोकरी सुचते. त्यात कमीपणा काहीच नाही. पण नदीच्या कामाला माणसं हवी आहेत, आणि त्यासाठी लागणारं बरंचसं शिक्षण फौजेने आपल्याला आधीच दिलंय. मी छत्रपती संभाजीनगरात खाम नदीच्या काठावर हे काम करतो.

एक वाट वर्दीतली आहे. 1982 मध्ये डेहराडूनला गढवाल रायफल्सची 127 इको बटालियन उभी राहिली, चुनखडीच्या खाणींनी बोडके केलेले मसुरीचे डोंगर पुन्हा हिरवे करायला. प्रादेशिक सेनेची (टेरिटोरियल आर्मीची) ही तुकडी, जवान मुख्यतः माजी सैनिक. आपल्याकडे महार रेजिमेंटची 136 इको बटालियन आहे, तिचा भर वृक्षलागवडीवर. खास नदीसाठी उभी राहिली ती 137, म्हणजे प्रयागराजची गंगा टास्क फोर्स. घाटांवर गस्त, पाण्याच्या प्रदूषणावर नजर, काठावर झाडं, लोकांशी बोलणं ही तिची कामं. भरतीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करत राहा. डिस्चार्ज बुक आणि मेडिकलचे कागद तयार ठेवा, पगार-पेन्शनचा हिशेब सही करण्याआधी विचारून घ्या. दुसरी वाट महापालिका किंवा एखाद्या संस्थेबरोबर काम करण्याची. तिथे मानधन कमी असतं, कधी नसतंच.

कुठल्याही वाटेने या, पहिलं काम रेकीचं, म्हणजे आधी जागा नीट पाहून घेण्याचं. खाम जटवाड्याच्या डोंगरातून निघते, पाणचक्कीला वळसा घालत छावणीजवळून पुढे जाते आणि गोदावरीला मिळते. हा पट्टा पायी चालल्याशिवाय फावडं उचलू नका. कुठला नाला कुठे मिळतो, सकाळी त्याचं पाणी कसं असतं, रात्री राडारोड्याचा ट्रॅक्टर कुठून उतरतो, सगळं नकाशावर मांडा. नाल्याचं तोंड तसंच सोडून खालचा काठ झाडला, तर महिन्याभरात घाण पुन्हा तिथेच. सुरुवात वरच्या अंगाने करायची.

नाल्याच्या तोंडावर लावलेल्या जाळीचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पहिल्या मोठ्या पावसात दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, चिंध्या, नारळ येऊन जाळीला चिकटतात. पाणी तिच्यामागे तुंबतं, आणि वेळेत मोकळं केलं नाही तर मागच्या वस्तीत शिरतं. म्हणून आभाळ भरून आलं की लांब दांड्याचे आकडे घेऊन आधीच काठावर पोचायचं आणि काठावरूनच कचरा ओढायचा. पाणी चढल्यावर कोणीही आत उतरायचं नाही. रविवारी फोटो काढून जाणाऱ्यांकडून हे होत नाही. भर पावसातही हजर राहणारा माणूस लागतो, आणि इथे फौजी उपयोगी पडतो.

तब्येतीची हयगय नको. गमबूट आणि जाड हातमोजे घालायचे, धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घ्यायचं, पायाला जखम असेल तर त्या दिवशी काठावरच थांबायचं. ताप आला तर डॉक्टरांना नदीचं काम करतो हे आवर्जून सांगा, लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका त्यांना यायला हवी. गटाराच्या मॅनहोलमध्ये उतरू नका आणि कोणाला उतरवूही नका. आतल्या वायूने माणूस मिनिटांत जातो.

अवघड जातं ते बोलणं. नागरिक आपल्या कमांडखाली नाहीत. कचरा टाकणाऱ्या ताईंना दरडावलं तर त्या रात्री टाकतील. मी आधी विचारतो, “ताई, घंटागाडी तुमच्या गल्लीत येते का?” पुष्कळदा उत्तर नाही असं येतं. मग तक्रार घेऊन वॉर्ड ऑफिसला मी जातो. गाडी सुरू झाली की तीच ताई शेजारणीला हटकते.

यायचं असेल तर पावसाळ्याची वाट पाहू नका, मे महिन्यातच या. पात्रात पावसाचं पाणी नसतं, त्यामुळे जे वाहतं ते सांडपाणीच, आणि प्रत्येक नाला उघडा दिसतो. मागच्या वर्षी लावलेल्या करंज-जांभळांना पाणी घालायलाही तेव्हाच माणसं कमी पडतात.