स्कूटरचं गिअर ऑइल गळतंय? सीलला हात लावण्याआधी हे वाचा

गॅरेज लाइनला नवीन आलेल्या पोराला गिअर ऑइलची गळती म्हणजे सोपं काम वाटतं. गिअरची केस ओली दिसली, सील (शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) मागवलं, ठोकलं, बिल केलं. आठवडा जात नाही तोवर तीच गाडी परत दारात. शेठ गिऱ्हाइकासमोर बोलतो, आणि दुसऱ्यांदा खोलायची मजुरी कोणी देत नाही. मी या फेऱ्यातून गेलोय. आजही मागचा ड्रम ओला दिसला की पोटात जरा हलतं.

बेल्ट, व्हेरिएटर, क्लच तुम्हाला ओळखता येतात असं धरून चालतो. बोलतोय ते ॲक्टिव्हा, ॲक्सेस, ज्युपिटर अशा बिनगिअरच्या म्हणतात त्या गाड्यांबद्दल. गिअर यांनाही असतात, फक्त मागच्या चाकापाशी एका छोट्या केसमध्ये बंद. तेलही जेमतेम 100 ते 120 मिली. एवढ्याशा तेलातलं थोडंसं गेलं तरी आतल्या बेअरिंगला कळतं.

पहिलं काम धुणं. डिझेल आणि ब्रशनं केस लख्ख करा, पुसा, वाळू द्या, मग त्यावर चेहऱ्याला लावायची स्वस्तातली पावडर मारा. एक चक्कर मारून या आणि खाली बसून बघा. पावडर सगळ्यात वर जिथं भिजली तिथून तेल येतंय. खालचा थेंब फसवतो, कारण तेल खाली ओघळतं आणि वाऱ्यानं मागं सरकतं. ड्रेन बोल्टला लटकलेला थेंब बघून बोल्ट आवळत बसणारे भरपूर आहेत. आवळून आवळून ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि पन्नास पैशाचं दुखणं पाचशेवर जातं. बोल्ट खरंच गळत असेल तर वायसर नवीन टाका. जुना चपटा झालेला वायसर उलटा करून बसवायची युक्ती कोणी शिकवली तर ऐकून सोडून द्या.

मागचा ड्रम आतून ओला असेल तर चाकाच्या शाफ्टचं सील बघायचं. इथं गंमत नको. ब्रेक शूवरच्या लायनरनं तेल पिलं की ब्रेक गेला, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "राहू द्या, पुढचा लागतोय की." लायनर पेट्रोलनं धुऊन, पॉलिश पेपर मारून परत बसवू नका. गरम झाला की आत मुरलेलं तेल पुन्हा वर येतं. नवीन शू टाका, पैसे देत नसेल तर गाडी हातात देऊ नका. मी यावर भांडलोय, पुन्हा भांडेन.

बेल्टचं कव्हर उघडल्यावर आत चिकट दिसलं तर लगेच गिअर ऑइलचं नाव घेऊ नका. पुढं व्हेरिएटरमागं ओलं असेल तर ते क्रँकच्या सीलमधून आलेलं इंजिनचं तेल. मागं क्लचच्या पाठीमागं असेल तर गिअरच्या ड्राइव्ह शाफ्टचं सील. आणि नुसतं क्लच पुलीभोवती ग्रीससारखं शिंपडलेलं असेल तर ते पुलीच्या आतलं ग्रीस, तिथले ओ-रिंग गेलेत. वासावर जाऊ नका. ॲक्टिव्हासारख्या गाडीत गिअरलाही इंजिनचंच ग्रेड पडतं, त्यामुळे वास एकच. रंग मात्र सांगतो: चाललेलं इंजिनचं तेल काळं, गिअरचं बऱ्यापैकी स्वच्छ किंवा करडं.

आता मला अडकवलं ते. सील नवीन, कंपनीचं, नीट बसलेलं, शाफ्टला ओरखडा नाही, तरी ड्रम ओला. मी पुन्हा सील बदललं. पुन्हा ओला. मला वाटलं सील डुप्लिकेट आलं, दुकानदाराशी वाद घालून आलो. शेवटी शेजारच्या गॅरेजचे म्हातारे मिस्त्री आले. जन्मभर चेतक आणि साताऱ्यात बनायची ती प्रिया, या जुन्या स्कूटर खोललेला माणूस. त्यांनी गाडी दोन-तीन किलोमीटर फिरवून आणायला लावली आणि तापलेल्या केसचा तेल भरायचा बोल्ट हळूच सैल केला. फुस्स झालं.

"आरं, सील काय करंल? ह्याला श्वासच न्हाई."

गिअर केसच्या वरच्या अंगाला एक बारीक रबरी नळी असते, ब्रीदर. गाडी चालली की केस तापते, आतली हवा फुगते आणि त्या नळीतून बाहेर जाते. नळी बंद असेल तर ती हवा जाणार कुठं? शिट्टी अडकलेल्या कुकरसारखं, जिथं कमजोर जागा तिथून. ऑइल सीलची ओठासारखी कड आणि तिच्यावरची स्प्रिंग उडणारं तेल अडवायला असते, दाब अडवायला नाही. दाब आला की नवं कोरं सीलसुद्धा तेल सोडतं. त्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. कुणाच्या गाडीत चिखल असतो, कुणाची नळी बॉडी बसवताना दबून चेपलेली असते. ही शेवटची चूक आपल्याच माणसांची, कारण फायबर बसवताना नळी कोणी बघत नाही.

म्हणून नळी काढा, वेगळी फुंका, केसवरची निपल तारेनं साफ करा. कॉम्प्रेसरची हवा मात्र केसमध्ये सोडू नका. तो दाब थेट सीलवर जातो आणि बरं असलेलं सीलही हातानं बिघडतं.

याच ब्रीदरमुळं दुसरी भानगड होते, जास्त तेलाची. इंजिन ऑइल टाकून बाटलीत उरलेलं सगळं गिअरमध्ये ओतायची सवय अर्ध्या गॅरेजांत आहे. जागाच नाही म्हटल्यावर तेल ब्रीदरमधून उलटी करतं, केसवरून ओघळतं आणि पाहणारा म्हणतो पॅकिंग गेलं. गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जमिनीवर, लेव्हलचा बोल्ट काढल्यावर तेल भोकाच्या खालच्या कडेला टेकलं पाहिजे. त्याच्यावर एक चमचा नको. मोजून बघायचं तर 120 मिलीची छोटी बाटली मिळते, तीच घ्या, पण लेव्हल आली की थांबा.

आमच्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यात 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या गाड्यांचं तेल काढताना भांडं स्वच्छ ठेवा. दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी शिरलंय. तापलेली केस गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढून घेते. तेल टाका, चक्कर मारा, काढा, परत टाका, रंग स्वच्छ येईपर्यंत. बेअरिंग घूं-घूं करत असेल तर केस खोलावीच लागणार.

सील बदलायचंच ठरलं तर आधी चाक धरून हलवा. खेळ असेल तर बेअरिंग गेलंय, त्याच्यावर नवीन सील महिनाभरसुद्धा टिकणार नाही. जुन्या सीलवरचे तीन आकडे वाचा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. "ॲक्टिव्हाचं द्या" म्हणून मागू नका, मॉडेलनुसार फरक पडतो. शाफ्टवर सीलची कड फिरते त्या जागी नख फिरवा. नख अडकलं तर तिथं खाच पडलीय. जागा असेल तर सील मिलीमीटरभर अलीकडं बसवा म्हणजे कड ताज्या भागावर येते, नाहीतर शाफ्ट बदला. स्प्रिंगची बाजू तेलाकडं. कडेला ग्रीस लावा. हातोडा थेट सीलवर नको, बाहेरच्या व्यासाची गोटी (सॉकेट) घेऊन चौफेर सारखं बसवा. भेगा पडलेल्या जोडावर बाहेरून सिलिकॉन थापणारे पुष्कळ भेटतील. ते गळती थांबवत नाहीत, पावडर मारायची जागा बुजवतात.

मोबाइलवरचे व्हिडिओ बघा, मीही बघतो, पण त्यात गाडी नेहमी स्वच्छ असते आणि बोल्ट नेहमी सुटतो. बोट दाखवून सांगणारा एक मिस्त्री मिळाला तर पगार थोडा कमी असला तरी तिथं टिका. सगळं समजतं असं वाटणारा मात्र काही शिकवत नाही, त्याच्या हाताखाली नुसता बोल्ट धुवत बसाल.

आणि गाडी परत आली म्हणून खचू नका. परत आलेली गाडी सगळ्यांच्याच दारात उभी राहते. फक्त दुसऱ्यांदा सील मागवायच्या आधी तेल भरायचा बोल्ट सैल करून कान लावा, आणि गिऱ्हाइकाला जुनं सील पिशवीत घालून द्या. पुढच्या वेळी दुकानात आकडे वाचायला तेच लागतं.