क्लायंट गावाला निघाला की टॉप-ऑफचं पाणी कसं ठेवायचं (रीफ टँकच्या लाइनमध्ये नवीन आलेल्यांसाठी)

मुंबईत रीफ टँक (कोरल ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक) मेंटेनन्सच्या लाइनमध्ये यायचं म्हणताय ना, मग गणपती आणि मे महिना या दोन सीझनची तयारी ठेवा. क्लायंट कोकणात निघतो, आठ-दहा दिवस घर बंद, आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन येतो, "अरे मी साठ लिटरचा ड्रम आणलाय, एकदा भरून दे, मग टेन्शन नाही." खरं टेन्शन त्या ड्रमचंच असतं, कसं ते सांगतो.

टँकमधून उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून रोज जेवढं उडालं तेवढं गोडं शुद्ध पाणी परत घालायचं, यालाच टॉप-ऑफ म्हणतात, हे तुम्हाला माहीत असणारच. ते काम एटीओ (आपोआप टॉप-ऑफ करणारं यंत्र) करतो, सम्पमधली (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीतली) पातळी खाली गेली की पंप चालू, वर आली की बंद. पण पातळीबरोबर वर-खाली होणाऱ्या फ्लोटवर गोगलगाय चढली किंवा मिठाचा थर धरला की फ्लोट खालीच अडकतो आणि पंप थांबतच नाही. मग ड्रममध्ये जेवढं आहे तेवढं सगळं आत. आता हिशोब करा, टँकमध्ये 200 लिटर पाणी, सॅलिनिटी (खारेपणा, किलोमागे मिठाचे ग्रॅम) 35, त्यात 60 लिटर गोडं पाणी गेलं तर सॅलिनिटी येते 27 वर. कोरल गेले समजा. शिवाय सम्प भरून वाहणार, घर बंद, खालच्या मजल्यावरच्यांच्या पीओपीवर डाग, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या क्लायंटचा उद्धार. तेच 10 लिटर गेलं असतं तर सॅलिनिटी 33 च्या थोडी वर, कोरल दोन दिवस रुसले असते आणि मग उघडले असते.

म्हणून माझा नियम एकच, एटीओला जोडलेल्या डब्यात टँकच्या पाण्याच्या विसाव्या हिश्शापेक्षा जास्त पाणी ठेवायचं नाही, बाकीचा साठा वेगळ्या बंद कॅनमध्ये, आणि मधे कोणीतरी येऊन डबा भरायचा. क्लायंटला हे आवडत नाही, त्याला कोणाच्या हातात किल्ली द्यायची नसते, पण तुम्ही ठाम राहा. आणि एटीओ घेताना टाइमआउटवाला घ्या, पंप ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त चालला की आपोआप बंद होणारा, तिथे पैसे वाचवू नका. पाइपचं तोंड सम्पच्या पाण्यात बुडवायचं नाही, वर लटकतं ठेवायचं, आणि डबा त्या तोंडापेक्षा खाली, नाहीतर पंप बंद झाला तरी सायफनने पाणी चालूच राहतं.

किती पाणी लागेल हे अंदाजाने सांगू नका. डब्यावर पांढरी चिकटपट्टी उभी लावायची आणि रोज संध्याकाळी एकाच वेळी मार्करने रेघ मारायची. पण हे माप घर बंद असताना जशी कंडिशन असेल तशीच ठेवून घ्या, कारण एसी चालू असताना हवा कोरडी असते आणि एसी बंद केल्यावर मे महिन्यात टँक तापतो, सम्पवरचा फॅन जास्त वेळ फिरतो आणि पाणी भराभर उडतं. पावसाळ्यात हवाच ओली, त्यामुळे तेच टँक बरंच कमी पितं.

टॉप-ऑफचं पाणी आरओ-डीआय मशीनने बनवायला चार-पाच दिवस आधीच सुरुवात करा. मुंबईला येणारं सात तलावांचं पाणी तसं मऊ, टीडीएस (विरघळलेले क्षार) कमी, पण बऱ्याच बिल्डिंगमध्ये पाणी ठरलेल्या वेळेलाच येतं, प्रेशर नसेल तर आरओ मेम्ब्रेन कुथत राहते, आणि सोसायटीत टँकर आला की टीडीएस एकदम वर जाऊन आरओनंतर उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लवकर संपतं. मशीन सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांचं पाणी सोडून द्या, त्यात टीडीएस जास्त असतो. घरच्या प्यायच्या आरओचं पाणी चालेल का, हे सगळेच विचारतात. नाही चालत, त्यात बऱ्याचदा चवीसाठी मुद्दाम मिनरल परत सोडलेले असतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीसुद्धा नाही, दिसतं डिस्टिल्डसारखं पण ते तांब्याच्या कॉइलवरून धूळ घेऊन येतं, आणि तांबं म्हणजे श्रिम्प, गोगलगायी, कोरल सगळ्यांचा काळ. एका काकूंनी मला कौतुकाने तांब्याचा हंडा काढून दिला होता, "पाणी शुद्ध राहतं रे यात." माणसांसाठी ठेवा काकू, म्हटलं. डीआय पाण्यात काहीच विरघळलेलं नसतं, त्यामुळे ते धातू चटकन ओढून घेतं, म्हणून कॅनला पितळेची तोटीसुद्धा नको.

कॅन उलटा करून बुडाशी बघा, त्रिकोणात 2 लिहिलेलं असेल तर एचडीपीई प्लास्टिक, तेही खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठीचं घ्या. केमिकलचा जुना ड्रम धुऊन वापरू नका, वास जात नाही. साबण लावायचा नाही, व्हिनेगर फिरवून आरओच्या पाण्याने खळबळून पूर्ण वाळवा. मिठाच्या पाण्याचा कॅन वेगळा, गोड्याचा वेगळा, आणि दोन्हीवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा. जागा अंधारी हवी, उजेडात हिरवा थर धरतो, पण फिनेलच्या बाटल्यांशेजारी किंवा रॉकेलच्या डब्याजवळ ठेवू नका, प्लास्टिकमधून वास आत जातो.

झाकणाचं मात्र नीट ऐका. क्लोरीन नसलेलं स्वच्छ साठवलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाची आवडती जागा, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा पुरतो, म्हणजे क्लायंट परत येईपर्यंत पिढी तयार. पावसाळ्यात महापालिकेची माणसं पिंपं तपासत फिरतात, अळ्या सापडल्या तर नोटीस मिळते. त्याहून वाईट म्हणजे बाल्कनीतल्या उघड्या पिंपात कोणी अळीनाशक टाकलं आणि तेच पाणी टँकमध्ये गेलं, की श्रिम्प आणि खेकडे पहिले जाणार. म्हणून झाकण घट्ट, पाइपसाठी पाडलेल्या भोकात रबराचा वॉशर, हवा जायचं बारीक भोक ठेवावंच लागतं, त्यावर बारीक जाळी बांधा.

आता किल्लीवाली व्यक्ती. बहुतेक घरी कामवाल्या मावशीच असतात आणि त्या बिल्डिंगच्या वॉचमनपेक्षा कितीतरी पक्क्या. एका घरी मी कागदावर लांबलचक सूचना लिहून देत होतो, मावशी म्हणाल्या, "दादा, ते वाचत बसणार नाही मी, रेघ दाखवा." डब्यावर लाल रेघ मारली, पाणी रेघेखाली गेलं की पांढरी पट्टी लावलेला गोड्या पाण्याचा एक कॅन ओतायचा, रेघेवर असेल तर हात लावायचा नाही, आणि दर वेळी सम्पचा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. वर त्यांनीच विचारलं, "पाणी अजिबात कमीच झालं नाही तर?" बरोबर प्रश्न, कारण तेव्हा एटीओ बंद पडलेला असतो. तर मला फोन करा, म्हटलं. त्यांचे पैसे क्लायंटकडून आधीच ठरवून द्यायला लावा, तुमच्या बिलात दडवू नका.

सुट्टीच्या काळात टॉप-ऑफच्या पाण्यात काल्कवासर (कोरलला कॅल्शियम देणारी चुन्याची पावडर) मिसळून ठेवू नका, एटीओ अडकला तर गोड्या पाण्याबरोबर पीएचचाही घोळ होतो. साठवलेल्या साध्या पाण्याचा पीएच सहाच्या खाली दिसला तर घाबरू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, टीडीएसही एक-दोनने वर दिसतो. टीडीएस दहाच्या पुढे गेला तर मात्र ते पाणी झाडांना घाला. क्लायंट परत आला की त्याने उत्साहात काही ओतायच्या आधी तुम्ही जाऊन सॅलिनिटी मोजा, कमी-जास्त असेल तर दोन-तीन दिवसांत हळूहळू जागेवर आणा, आणि उरलेले कॅन चांगले असतील तर तेच पाणी पुढच्या वॉटर चेंजचं मीठ मिसळायला वापरा.