समरकंदचा सियोब बाजार, सासू-सासऱ्यांसकट

उझबेकिस्तानातल्या समरकंदला घरच्यांना घेऊन जाणार असाल तर पहिल्या दिवशी उठून थेट रेगिस्तानला, म्हणजे तीन मदरशांच्या मोठ्या चौकात, जाऊ नका. बहुतेक जण तेच करतात आणि दुपारी बाराला त्या उघड्या चौकात म्हातारी माणसं नि पोरं उन्हात शिजतात. आधी बाजार करा. तोही सकाळी लवकर, हॉटेलात नाश्ता न करता.

सियोब बाजार बीबी-खानम मशिदीला अगदी खेटून आहे. आम्ही पाच जण होतो: मी, नवरा, आठ वर्षांचा लेक आणि सासू-सासरे. सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, हयात तासगावला द्राक्षबागेत आणि बेदाण्याच्या शेडमध्ये गेली. त्यामुळे घुमट-मिनारांपेक्षा त्यांना या बाजाराचीच ओढ जास्त.

शिरल्याबरोबर आधी नान घ्या. इथला नान आपल्या हॉटेलातल्यासारखा लुसलुशीत नसतो. चांगला जाडजूड, वजनदार, वरून चकाकणारा आणि मधोमध टोचून काढलेली नक्षी. विकणाऱ्या बायका कधीकधी जुन्या बाबागाडीत रचून आणतात. नान हातानेच तोडायचा आणि पालथा ठेवायचा नाही. ते तिथे अन्नाचा अपमान समजतात. सोबत कायमाक मागा, म्हणजे घट्ट साय. सासूबाई पक्क्या शाकाहारी, पण नान-साय, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि खरबूज यावर त्यांचं छान भागलं. 'गोश्तसिझ' म्हणजे बिनमांसाचं, हा शब्द पाठ करून ठेवा. मात्र पुलावाच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. वरचं मांस बाजूला काढून देतील, पण भात त्याच चरबीत शिजलेला असतो. भोपळ्याचा सोमसा, म्हणजे तिथला समोसा, मिळतो, त्यातही चरबी आहे का ते विचारूनच घ्या.

आता सुकामेवा. इथे घाई केलीत तर फसाल. अनार, अंजीर, बादाम, पिस्ता, किशमिश हे सगळे शब्द थोड्या उच्चारभेदाने तिथेही चालतात. समरकंदमध्ये ताजिक बोलणारे पुष्कळ, त्यांच्या तोंडी तर 'जर्दालू'सुद्धा ऐकू येतं. उझबेकमध्ये 'कांचा?' म्हणजे 'किती?'. अण्णांनी आपल्या सवयीने विचारलं, "यातला कंचा ग्वाड?" आणि बाईंनी लगेच कॅल्क्युलेटरवर भाव टाइप करून पुढे धरला. दोघांचंही समाधान झालं. एका रुपयाला शंभराहून जास्त सोम (तिथलं चलन) येतात, तेव्हा आकड्यातली शून्यं बघून दचकू नका. पहिल्या आकड्याला घ्यायचं मात्र नाही. चव सगळेच देतात, तीन-चार ठिकाणी चाखून मग बोला.

पारख कशी करायची, ते अण्णांकडून शिकलेलं सांगते. मूठभर बेदाणा घ्यायचा, तळहातावर चोळायचा आणि नाकाशी न्यायचा. घशाला झोंबणारा वास आला तर गंधकाची धुरी दिलेली आहे. जर्दाळू भडक नारिंगी असेल तर तिथेही तोच प्रकार. उन्हात नुसता वाळवलेला जर्दाळू तपकिरी, सुरकुतलेला, दिसायला गरीब असतो. तो घ्या. सावलीत वाळवलेला हिरवा बेदाणा हातात आला तेव्हा अण्णा कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "देठ बग कसा काढलाय." मला काही दिसलं नाही.

पांढऱ्या गोळ्यांचे ढीग दिसतील. ते पेढे नव्हेत! तो कुर्त, म्हणजे वाळवलेलं खारट दही. लेकाने अख्खा तोंडात टाकला आणि त्याचा चेहरा अजून माझ्या फोनमध्ये आहे. पोरांना नव्वोत द्या, ती आपली खडीसाखरच.

बाजारातून बाहेर पडलात की बीबी-खानम समोरच. तैमूरने १३९९ मध्ये बांधायला घेतलेली मशीद, एवढी अवाढव्य की बाहेरून पाहिली तरी चालेल. तिथून पुलावरून शाही-जिंदाला चालत जाता येतं. निळ्या फरशांच्या कबरींची ती गल्ली मला रेगिस्तानपेक्षाही आवडली. चढताना पायऱ्या मोजायच्या, उतरताना पुन्हा मोजायच्या. आकडा जुळला तर माणूस निष्पाप, असं तिथे म्हणतात. मुलाला कामाला लावायला याहून सोपी युक्ती नाही. गुडघे दुखणाऱ्यांना पायथ्याशी बसवा.

मग हॉटेलवर जाऊन सरळ झोपा. रेगिस्तानला ऊन कलल्यावर निघा. बाजारापासून तिथवरचा रस्ता पादचाऱ्यांचा आहे, पण बॅटरीवरच्या गाड्या फिरतात. ज्येष्ठांना त्यात बसवा. तीन मदरशांपैकी तैमूरच्या नातवाचा, उलुगबेगाचा, सर्वांत जुना, १४२० चा. त्याच्या समोरच्या शेर-दोर मदरशाच्या कमानीवर हरणामागे धावणारे वाघ आहेत आणि त्यांच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य. आत दुकानंच दुकानं. तिथे बाजारातल्यापेक्षा महाग पडतं. जुनी वस्तू म्हणून कुणी काही गळ्यात मारत असेल तर जपून, पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला परवाना लागतो.

नानावर नक्षी टोचायचा शिक्का मिळतो, त्याला चेकिच म्हणतात. खाली खिळ्यांसारखी टोकं असतात, तेव्हा तो मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको. आमचा विमानतळावर काढून ठेवला. अण्णांचा पाव किलो हिरवा बेदाणा मात्र सुखरूप आला. त्यातला एकही दाणा आम्हाला मिळाला नाही, शेडवर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला तो काचेच्या बरणीत ठेवलाय.