फेरिक क्लोराइड विरघळवताना

घरी सर्किट बोर्ड एच करायला, म्हणजे त्यावरचं नको असलेलं तांबं विरघळवून काढायला, निर्जल फेरिक क्लोराइड आणलं असेल, तर प्लास्टिकच्या टबात आधी गार पाणी घ्या आणि त्यात पावडर चमचा-चमचा सोडा. पावडरीवर पाणी कधीही ओतू नका. एवढी उष्णता सुटते की पाणी चुरचुरत उसळतं आणि आम्लाच्या झोंबऱ्या वाफा नाकात जातात. चष्मा, हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. ही काळसर पावडर हवेतली ओल ओढते. पावसाळ्यात झाकण सैल राहिलं तर तिचा चिकट तपकिरी लगदा होतो.

माझं मत विचाराल तर घरी पिवळट गड्ड्यांचं हेक्झाहायड्रेटच, म्हणजे आधीच पाणी धरून असलेलं फेरिक क्लोराइड, आणा. ते शांतपणे विरघळतं, तांबंही तितकंच छान उतरवतं. महागड्या उच्च शुद्धतेच्या मालाची इथे गरज नाही, तो प्रयोगशाळेसाठी.

स्टीलचा चमचा, चिमटा नको, त्यांना खड्डे पडतात. कपड्यांवरचा गंजासारखा डाग साबणाने जात नाही.

वापरलेल्या द्रावणात तांबं असतं, त्यामुळे ते बेसिनमध्ये मुळीच ओतू नका. धुण्याचा सोडा थोडा-थोडा घालून फेस थांबला की खाली बसलेला गाळ बरणीत भरून घातक कचऱ्यात द्या.