बाळसं की सूज? मुलातलं तीव्र प्रथिन-कुपोषण असं ओळखा

कुपोषित म्हटलं की बरगड्या मोजता येतील असं मूल डोळ्यांसमोर येतं. सुजवटीत, म्हणजे अंगावर सूज आणणाऱ्या प्रथिन-कुपोषणात (डॉक्टरांच्या भाषेत क्वाशिओरकोर), नेमकं उलटं दिसतं. गाल वर आलेले, पाय भरलेले, आणि घरचे खुशीत, की बाळसं धरलंय! अंगातल्या पाण्यामुळे वजनकाटाही फसतो. म्हणून काट्याआधी पाय बघा. आईचं दूध सुटल्यावर, साधारण 1 ते 3 वर्षांच्या मुलांत तर नक्कीच.

मुलाच्या पावलाच्या वरच्या बाजूवर अंगठ्याने 3 सेकंद हलकेच दाबून धरा. अंगठा उचलल्यावर खड्डा तसाच राहिला, तर ती सूज. दुसऱ्या पावलावरही करून बघा. सूज एकाच पायावर असेल तर बहुधा मार किंवा जंतुसंसर्ग. सुजवटीत दोन्ही पाय सुजतात. पुढे ती पोटऱ्या, हात आणि शेवटी चेहऱ्यापर्यंत चढते.

मग दंड मोजा. डावा हात सैल सोडून खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये टेप लावा, आवळू नका. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलात घेर 11.5 सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण. मात्र दोन्ही पायांवर कुपोषणाची सूज असेल तर दंडाचं माप चांगलं आलं तरी निर्धास्त होऊ नका.

केस विरळ, भुरकट, ओढले की सहज हातात येणारे. कातडी काळवंडून भिंतीच्या जुन्या रंगासारखी पापुद्रे सोडते, खाली ओलसर जखमा. सगळ्यात बोलकं लक्षण मला वाटतं ते स्वभावाचं: मूल खेळत नाही, घास पुढे केला की तोंड फिरवतं, हात लावला की किरकिरतं.

अशी सूज मूत्रपिंडाच्या आजारातही येते, तेव्हा निदान डॉक्टरांवर सोडा. पण त्याच दिवशी न्या. मूल सुस्त असेल, अंग गार लागत असेल किंवा काहीच गिळत नसेल तर तासभरही थांबू नका. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर वाटेत 50 मिली पाण्यात चमचाभर साखर घालून घोटघोट पाजा आणि अंगावर पांघरूण ठेवा. लघवी होऊन सूज उतरावी म्हणून गोळ्या देऊ नका.

प्रथिनं कमी पडली म्हणून अंडी, प्रथिनांची पावडर यांचा मारा घरी सुरू करणंही धोक्याचं. रुग्णालयात सुरुवातीला देतात त्या खास दुधात 100 मिलीमागे प्रथिनं जेमतेम 0.9 ग्रॅम असतात, तेही दर 2-3 तासांनी थोडं थोडं. खचलेलं यकृत एकदम जास्त पेलत नाही.